तापल्या फरशीवर उभी धाकटी

इकडे ये पोरी, सरक अशी जवळ. कागदावरूनच बोलावते आहे, पण ये. आणि तो फोन आधी बाजूला ठेव. त्या फोनवर तू दर रविवारी विचारतेस, "आई, बरी आहेस ना?" आणि इकडून ती म्हणते, "बरी हाय." झालं. तू पुण्यात मोकळी, ती इथे मोकळी. "बरी हाय" हे काय उत्तर झालं बाई? तुझी आई माझी धाकटी बहीण, माझ्या कडेवर वाढलेली. घराला आग लागली असती तरी ती तुला फोनवर "बरी हाय" असंच म्हणाली असती. आणि तू एवढी शिकलेली, तुला पुढचा प्रश्न सुचू नये? तहान किती लागते, जेवलेलं अंगी लागतं का, पायाला मुंग्या येतात का, असं काही?

तोंड पाडू नकोस. माझा राग एकट्या तुझ्यावर नाही. तो साऱ्यांत वाटला तरी उरेल एवढा आहे. तुला सगळ्यांनी मिळून एवढंच कळवलं, की आईच्या पायाला जखम झाली, दोन बोटं काढावी लागली, आता ठीक आहे. मधलं सगळं गिळलं. ते मधलं मी सांगते. कारण तो पाय अजून तिच्या अंगाला आहे, आणि तो तिथेच राहावा असं मला वाटतं.

आम्ही दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. आर्णीला जाणारी एसटी जिथे घटकाभर थांबते तेवढंच आपलं गाव. तुझे बाबा गेले तेव्हापासून धाकटी बायांच्या टोळीत दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. मीही जायची, गुडघे चालत होते तोवर. तेव्हाच्या एका हिवाळ्यातली गोष्ट. थंडी अशी की सकाळी बोंडांवरचं दव बोटांना झोंबायचं, आणि ही बाई पाण्याची मोठी कॅन खांद्यावर घेऊन वावरात हजर. दुपारची भाकर सोडायच्या आत कॅन रिकामी. आमच्यातली एक ओरडली, "अवो, हिच्यासाठी टँकर बलवा रे कोनी! विहीर आटवते ही बाई!" साऱ्या हसल्या. धाकटीही हसली. "जीभ टाळूले चिपकून राह्यली वो, काय करू?"

एवढं पाणी प्यायल्यावर ते जाणार कुठे? घडीघडी तिला तुरीच्या ओळीआड जावं लागायचं. वावराची मालकीण बांधावरून पाहत होती. ती साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कावो, वेचायले आली का तुरीत बसायले आली?"

बस. दुसऱ्या दिवशी धाकटीनं कॅन घरीच ठेवली. पाणी नाही, म्हणजे तुरीत जाणं नाही, म्हणजे कोणाचं ऐकून घेणं नाही. दिवसभर कोरड्या ओठांवरून कोरडी जीभ फिरवत ती ओटीत कापूस भरत राहिली. वेचणीची मजुरी तर किलोवर मिळते. जेवढं वेचलं तेवढं मिळेल. मग बाई उठली किती वेळा नि बसली किती वेळा, हे त्या मालकिणीला कायले पाहिजे होतं? आणि आमच्या त्या टँकरवालीलाही, ऐन थंडीत एका बाईला एवढी तहान काहून लागते, हे विचारावंसं वाटलं नाही. हसता येतं तिथे विचारतो कोण?

मग लघवीला जळजळ सुरू झाली, आणि त्या जागी खाज. हे लिहायला मला लाज वाटत नाही. तिला मात्र माझ्या कानाशी बोलायलाही किती तरी दिवस लागले. आपल्याकडे त्याला एकच नाव, उन्हाळी लागली. मग काय, गल्लीतल्या साऱ्या बाया वैद्य झाल्या. "धने भिजू घाल रातच्याले, सकाळी खडीसाखर टाकून पेजो. थंड असते." खडीसाखर थंड म्हणे! चहात पडली तर ती साखर, आणि खडा झाला की औषध! रोज अनशापोटी तांब्याभर गोड पाणी. ऊन वाढलं तशी त्यात भर पडली. बाजाराच्या दिवशी रसवंतीवरचा उसाचा रस, कोणाकडे गेलं की गुलाबाचं सरबत. जितकं प्यावं तितकी तहान, आणि तहान लागली की पुन्हा थंड म्हणून गोड. त्या आजाराला आम्ही जावयासारखं रोज वाढत होतो पोरी, आणि तो जेवून जेवून तिलाच खात होता.

न्हाणीत मुंग्या लागल्या. अशा तशा नाही, रांगाच्या रांगा. तुझी वहिनी ओरडायची, "आई, तुमी न्हानीत बसून बिस्किट खाता काय वो?" आणि मुंग्यांची पावडर टाकायची. मुंग्यांना समजलं होतं, तिथे काय सांडतं आहे ते. आम्ही पावडर टाकत राहिलो.

अंग तर असं उतरलं, की पोलक्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. जेवण मात्र पहिल्यापेक्षा दुप्पट. मारेगावला एका लग्नाला गेलो, तिथे बायांनी तिला घेरलं. "माय वो, हिरोईन झाली तू तं! कोनती गोळी घेऊन राह्यली, आमालेही सांग." धाकटी लाजली. अगं, लाजली! तिला खरंच वाटलं, आपण बारीक होऊन चांगल्या दिसायला लागलो. बाई दुप्पट जेवते आणि निम्मी होते, यात त्यांना चांगलं काय दिसलं? सुईत दोरा ओवता येईना, ताटातला खडा दिसेना, तर म्हणे वय झालं. दमून बसली तर म्हणे काम जास्त झालं. प्रत्येक गोष्टीला घरातलंच एक कारण तयार, म्हणून कोणी दवाखान्याची पायरी चढायला तयार नाही.

नाही, चढलो की. तेही सांगते. उन्हाच्या तोंडी एक दिवस ती चक्कर येऊन पडली. तुझ्या भावानं तालुक्याला एका खासगी डॉक्टरकडे नेलं, मी सोबत होते. डॉक्टरनं डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाला, "कमजोरी आहे. ग्लुकोजची बाटली लावतो." तुझ्या आईनंच भीतभीत विचारलं, "साखर तं नसन ना, डॉक्टरसाहेब? आमच्या शेजारची म्हनत होती."

तो हसला गं. बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेल्या तिच्या हातांकडे पाहून हसला. "मावशी, साखर गाडीत बसून फिरणाऱ्यांना होते. तुम्ही उन्हात राबणारी माणसं, तुम्हाला कुठली साखर?"

बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त पाहायचं, एवढंच काम होतं. ते इवलंसं यंत्र त्याच्या टेबलावर पडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. राबणाऱ्या बाईनं स्वतःच्या तोंडानं विचारलं, तरी तिचं रक्त तपासण्याच्या लायकीचं वाटू नये? आणि ग्लुकोज म्हणजे साखरच, हे मला पुढे यवतमाळला कळलं. म्हणजे घरी आम्ही तोंडातून घालत होतो, ती यानं शिरेतून घातली.

त्याच सुमारास तिच्या पायातून चप्पल सुटायला लागली. एकदा एसटीतून उतरून घरी येत होतो, तर मागून एक जण ओरडला, "ओ मावशी, चप्पल राह्यली ना तुमची!" पाहते तर हिच्या एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, आणि हिला पत्ताच नाही. आम्ही दोघी रस्त्यातच हसत सुटलो.

"तुले समजलं कसं नाई वो?"

"कापसावरून चालल्यासारखं लागते बाई आजकाल. पाय खाली टेकला का नाई, तेच समजत नाई."

हसण्यावारी गेलं तेही.

मग वैशाखातली पौर्णिमा आली. आपल्या विहाराचं अंगण नव्यानं केलं, ते तू पाहिलं नाहीस. काळी फरशी बसवली, तोंड दिसेल अशी. ध्वजारोहण आणि वंदना सकाळीच व्हायची होती, ऊन चढायच्या आधी. पण पाहुणे यायचे होते. कुठले तरी पुढारी. त्यांची गाडी येता येता ऊन डोक्यावर आलं. आपल्याकडचा वैशाख तुला ठाऊक आहे, सावलीतल्या बादलीची कडी धरली तरी चटका बसतो. पाहुणे उतरले, हार पडले. मांडव होता तो खुर्च्यांपुरता. आम्ही बाया पांढरी लुगडी नेसून ध्वजासमोर, उघड्या फरशीवर. चपला बाहेर फाटकापाशी.

वंदना सुरू झाली आणि आमचे पाय नाचायला लागले. कोणी एका पायावर दुसरा ठेवते, कोणी लुगड्याचा काठ पायाखाली घेते. पोट्टे तर "माय वो, माय वो" करत मांडवात पळाले. मी सरळ बाजूला पडलेल्या पोत्यावर जाऊन उभी राहिले. माझे पाय भाजून भगवंताला काय मिळणार होतं? आणि समोर पाहते तर धाकटी. पहिल्या रांगेत, हात जोडलेले, डोळे मिटलेले, पाय फरशीला रोवलेले. जरा म्हणून हालचाल नाही. मी हळूच म्हटलं, "अवो, इकडं ये ना पोत्यावर. पाय भाजतीन."

तिनं डोळे उघडले. लहान पोरीसारखं माझ्याकडे पाहून म्हणाली, "काहून? मले तं काई गरम लागत नाई."

मी पोत्यावरून उतरून तिच्याकडे निघाले. तेवढ्यात वंदना संपली आणि माईक घुमला. विहाराच्या समितीतले एक गृहस्थ बोलत होते. "बंधूंनो आणि भगिनींनो, पाहा या माउलीकडे! आपण सारे उड्या मारत होतो, ही माउली जागची हालली नाही. याला म्हणतात श्रद्धा!" टाळ्या पडल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या, सावलीत बसून. एक बाई तर पुढे येऊन धाकटीच्या पाया पडली. त्या पायांना हात लावला तिनं, हात! ते किती तापले आहेत हे त्या हाताला लागलं नसेल का? पण नमस्कार करायला वाकलेलं माणूस पाय कुठे पाहतं?

आणि धाकटी फुलली. माईकवरून तिचं कौतुक जन्मात पहिल्यांदा झालं होतं. मी दंडाला धरून घरी ओढू लागले, तर म्हणते, "थांब ना वो, खीर वाटून राह्यले." खीर खाऊनच हालली.

तपासून पाहा आणि मगच माना, असं जो शिकवून गेला त्याचं ते अंगण. त्या अंगणात एका बाईचे पाय भाजत होते आणि भाजत असल्याचं तिला कळत नव्हतं, तर आम्ही त्याला श्रद्धा म्हटलं. बाईच्या जातीनं सोसलं की टाळ्या वाजवायची सवयच पडली आहे साऱ्यांच्या हातांना.

घरी खाटेवर बसवून मी म्हटलं, पाय दाखव. तिनं झटक्यात पाय लुगड्यात ओढून घेतले. "तू मोठी हायेस. माह्या पायाले हात नोको लावू." संध्याकाळी तुझ्या वहिनीनं पाहिलं तर तळव्यांना पुरीसारखे फोड. हळद लावली, टूथपेस्ट लावली. "आई म्हनते दुखत नाई, म्हनजे मोठं काई नसन," असं वहिनी म्हणाली, तुझा भाऊही तेच म्हणाला. अरे, तळवा सोलून निघाला आणि दुखत नाही, तर ते मोठं नाही का? याच्याहून मोठं काय असतं?

दुखत नाही म्हणून ती पुन्हा कामाला गेली. पेरणीआधी वावरातली कपाशीची धसकटं वेचायला. फोड फुटले, धसकटाचं टोक आत शिरलं, तेही तिला कळलं नाही. काही दिवसांनी मी दुपारची तिच्या घरी गेले, तर दारातच वास आला. मी म्हटलं, "सूनबाई, उंदीर मेला काय वो घरात?" ती म्हणाली, "मी पन तेच शोधून राह्यली मावशी, कालपासून. सापडतच नाई."

उंदीर नव्हता. खाटेवर बसून तुझी आई शेंगा सोलत होती, आणि वास तिच्या पायाला येत होता.

त्या दिवशी मी मोठी-धाकटी काही ऐकलं नाही. पाय धरला आणि फडकं सोडलं. दोन बोटं काळी पडली होती. तुझ्या भावाला कामावरून बोलावून घेतलं आणि रिक्षा करून तसेच यवतमाळला गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, तुझ्याच वयाची. तिनं पहिलं काम काय केलं असेल? बोटाला सुई टोचली. यंत्रानं आकडाच दाखवला नाही. साखर त्याच्या मापाच्या पलीकडे गेली होती. मग ती एकेक विचारत गेली. तहान फार लागायची का? लघवीला सारखं जावं लागायचं? रात्रीही? वजन उतरलं? खाज, जळजळ? नजर अंधूक झाली? पाय बधिर? धाकटी प्रत्येक प्रश्नाला "हाव" म्हणत गेली. शेवटी डॉक्टरीण आमच्याकडे वळली. "इतकं सगळं होत होतं, मग कोणी तपासलं कसं नाही?"

ती म्हणाली, विष वर चढलं असेल तर गुडघ्याखालून पाय कापावा लागेल. धाकटीनं एवढंच विचारलं, "मंग मी वेचनीले कशी जाईन?"

ते दिवस कसे गेले ते मी सांगत बसत नाही. इन्सुलिन दिलं, जखम रोज धुतली, आणि दोन बोटांवर निभावलं. "या खेपेला पाय वाचला," डॉक्टरीण म्हणाली. या खेपेला. दोन्ही पायांतली जाणीव गेली आहे, ती काही परत यायची नाही, असंही म्हणाली. तुझी आई बधली नाही. मला म्हणते, "चप्पलवाल्याले सांगजो, आता तीन बोटायचीच चप्पल दे म्हना." मी हसले आणि बाहेर जाऊन रडले.

भेटायला लोक आले. समितीतले तेच गृहस्थही आले, हातात पेढ्यांचा पुडा. "ताईंनी श्रद्धेपायी केवढं सोसलं!" मग मात्र माझं डोकं फिरलं.

"भाऊ, तिनं काई सोसलं नाई. सोसाले आधी दुखाव लागते. तिले काईच समजत नव्हतं. अन् तुमी माईकवर टाळ्या वाजवून घेतल्या. अन् हे पेढे कायले आनले? साखरेपायीच तं पडली ना ते इथी!"

"एकानं काय होते वो, मावशी."

"एकानं एक बोट जाते. दुसरं बोट कशानं गेलं ते घरी जाऊन इचार करा."

गेले बिचारे पुडा घेऊन. चांगला माणूस आहे तो, मला माहीत आहे. चांगल्याच माणसांनी केलं हे सारं, म्हणून तर राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

आता आजचं ऐक, त्याच्यासाठीच एवढं लिहिलं. साखर जरा ताळ्यावर आली आहे. सुई ती स्वतः टोचून घेते, चहा बिनसाखरेचा पिते, तोंड वाकडं करते पण पिते. अडलं आहे ते पायावर. रोज तळवे पाहायचे, बोटांच्या मधल्या जागा पाहायच्या, लाल दिसलं की लगेच दवाखाना. तिला स्वतःला ते जमत नाही. कंबर वाकत नाही आणि नजरही उरली नाही. सुनेला दाखवत नाही. त्या रिकाम्या जागेची लाज वाटते तिला. वहिनी हात पुढे करते तर म्हणते, "पाह्यलं मी सकाळी, चांगलं हाय." कशाचं पाह्यलं? आणि मी मोठी म्हणून मला हात लावू देत नाही. मी म्हटलं, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाची पोरगी तू. देव सोडले, उपास सोडले, अन् हे मोठी-धाकटी कायले धरून बसली?" तर म्हणते, "ते सोडलं वो. पन तू तं माह्यी मायच हायेस." आता याच्यावर भांडायचं तरी कसं?

गेल्या आठवड्यात ती दुपारची झोपली होती आणि लुगडं पायावरून सरकलं होतं. चांगल्या पायाला, अंगठ्याच्या खाली, नव्या चपलेच्या पट्ट्याचा फोड. मी घर डोक्यावर घेतलं. त्याच पावली तिला मलमपट्टीला नेलं. तो फोड आता सुकतो आहे, वेळेत सापडला म्हणून. पण तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. "झोपेत माहे पाय पाह्यले!" मी विचारलं, "मंग दाखवशीन कोनाले?" तोंड भिंतीकडे करूनच म्हणाली, "पोरगी आली तं तिले दाखवीन. तिले म्या न्हाऊ घातलं, तिच्यापुढं लाज कायची."

ऐकलंस? वहिनीसमोर तू तिचा पाय एकदा मांडीवर घे आणि नीट पाहा, म्हणजे वहिनीपुढची तिची लाज मोडेल आणि मग रोजचं वहिनी पाहील. तेवढ्यानं पाय राहील तिचा. कपाशीला बोंडं धरायला लागली आहेत, आणि ती आतापासूनच वेचणीला जाईन म्हणते आहे. तिनं वावरात पाय टाकायच्या आधी ये. निघायच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तुझंही रक्त तपासून घे, हे आजार रक्तातून उतरतात. रजा नाही मिळाली तर भांड त्यांच्याशी, पण ये. आर्णीला उतरलीस की फोन कर, तुझ्या भावाला गाडी घेऊन पाठवते. लवकर ये बाई.